पगाराची चिठ्ठी, औषधाची चिठ्ठी

कामगारांचं आरोग्य : लेखांक ७

बोरीवली स्टेशनबाहेरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रात्री आठ-नऊच्या सुमाराला उभं राहिलं, की एक मागणी हमखास कानावर येते. "पूर्ण पत्ता नको, पाचच गोळ्या कापून द्या." मागणारा नुकताच कामावरून सुटलेला असतो. गोळी बहुतेक वेळा बीपीची नाहीतर शुगरची. काउंटरवरचा पोरगा कात्रीनं पत्ता कापतो. पाच गोळ्यांवर पगारापर्यंत निभावायचं असतं. पगार लांबला, तर मधले दिवस गोळीशिवाय जातात.

त्या मधल्या दिवसांची नोंद कुठंच होत नाही. बीपी वाढलं तरी दुखत नाही, म्हणून माणूस कामावर जात राहतो. काही वर्षांनी तोच माणूस अर्धांगवायूनं किंवा मूत्रपिंडं निकामी होऊन रुग्णालयात येतो, आणि तिथं मात्र त्याच्यासाठी सरकारी योजना तयार असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आज तिच्यात राज्यातलं प्रत्येक कुटुंब येतं आणि संरक्षणाची मर्यादा वर्षाला पाच लाख रुपये आहे. ही योजना मोलाची आहे, तिनं असंख्य घरं कर्जातून वाचवली आहेत. पण तिचं दार रुग्णालयात दाखल झाल्यावर उघडतं. केंद्राच्या आयुष्मान भारतचंही तेच : दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्यापुरतीच औषधं. सोळाव्या दिवसापासून पुन्हा मेडिकल आणि पुन्हा कात्री.

डायलिसिसचा खर्च सरकार उचलतं. ज्या गोळीनं डायलिसिसची वेळ टळली असती, ती मात्र कामगारानं स्वतःच्या खिशातून घ्यायची. आजच्या लेखांकात मला एवढंच मांडायचं आहे, की डॉक्टरनं लिहून दिलेलं रोजचं औषध प्रत्येक कामगाराला सार्वजनिक खर्चातून मिळालं पाहिजे. तो कुठल्या आस्थापनेत आहे, त्याचा पगार किती आहे, त्याला नेमका एक मालक आहे की पाच, हे प्रश्न औषधाच्या खिडकीवर विचारले जाता कामा नयेत.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम दिलं गेलं. त्यांचा अहवाल १९४४ साली आला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या उद्योगांपासून सुरुवात करावी, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली इथं योजना सुरू झाली आणि १९५४ साली नागपूर व मुंबईत पोचली. गिरणगावातल्या कामगाराला तेव्हापासून ठाऊक झालं, की आपल्या पगारातून थोडे पैसे कापले जातात, मालक त्यात भर घालतो आणि त्या बदल्यात वस्तीतल्या पॅनेल डॉक्टरकडे तपासणी होते, औषध मिळतं, आजारपणाच्या रजेचा पगार मिळतो. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, वरळी, मुलुंड, कांदिवली आणि अंधेरी इथली कामगार रुग्णालयं ही सगळी त्याच कायद्याची देणगी. बोरीवलीच्या कामगाराला यातलं जवळचं म्हणजे कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवरचं.

या योजनेचं गणित वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावं, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, म्हणजे एकूण ४ टक्के. अठरा हजार पगार असेल, तर कामगाराचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५, मिळून महिन्याला ७२० रुपये. ज्याची रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे, त्याच्याकडून काहीच घेतलं जात नाही. या ७२० रुपयांत कामगार, त्याची बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांची तपासणी, औषधं, शस्त्रक्रिया सगळं येतं. आजारी पडल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही त्यातूनच. उपचारावर किती खर्च करायचा याला वरची मर्यादा नाही. नोकरी लागल्याच्या पहिल्या दिवसापासून वैद्यकीय हक्क सुरू होतो आणि आधीपासून असलेला आजार म्हणून कुणाला नाकारलं जात नाही. खासगी आरोग्य विम्याची कागदपत्रं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना या दोन गोष्टींची किंमत कळेल.

तत्त्व असं, की द्यायचं ऐपतीप्रमाणं आणि घ्यायचं गरजेप्रमाणं. देशात चौदा कोटींच्या आसपास माणसं या छत्राखाली आहेत. माझ्या मते स्वतंत्र भारतानं कामगारांसाठी केलेल्या सर्वांत दूरदृष्टीच्या कामांपैकी हे एक आहे.

आता या छत्राबाहेर कोण आहे ते पाहू.

बोरीवली पूर्वेला किंवा दहिसरला औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याची कल्पना करा. लेथवर, प्रेसवर, पॅकिंगला मिळून आठ माणसं. शेजारच्या गाळ्यात बारा. कायदा दहा माणसांपासून लागू होतो. त्यामुळे एकाच जिन्यानं वर जाणाऱ्या, एकाच टपरीवर चहा पिणाऱ्या दोन कामगारांपैकी एकाला शुगरची गोळी मिळते आणि दुसऱ्याला ती विकत घ्यावी लागते. ज्याला मिळत नाही त्याचा पगार बहुधा कमीच असतो, कारण गाळा लहान आहे.

वरच्या टोकालाही अशीच भिंत आहे. पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये पंधरा हजारांवरून एकवीस हजारांवर नेली, आणि त्यानंतर ती तिथंच थांबली. महागाई मात्र थांबली नाही. वीस वर्षं इमानानं वर्गणी भरलेल्या कामगाराला पाचशे रुपयांची पगारवाढ मिळून तो २१,३०० वर गेला, तर चालू वर्गणीकाळ संपेपर्यंत, म्हणजे मार्च किंवा सप्टेंबरअखेरपर्यंत, त्याचं नाव राहतं. पुढं त्याच्या हक्काचा काळ संपला, की तो आणि त्याचं कुटुंब बाहेर. घरात दोन माणसं शुगरची आणि एक दम्याची असेल, तर पाचशेची वाढ पहिल्या आठवड्यात मेडिकलमध्येच जाते. पगारवाढ नको म्हणण्याची पाळी कामगारावर यावी, ही त्या मर्यादेची सर्वांत दुखरी बाजू आहे.

आणि मग ज्यांना मालकच सापडत नाही असे लोक. दहिसर-बोरीवलीच्या सीमेवरच्या गणपत पाटील नगरातून आयसी कॉलनीतल्या इमारतींत धुणंभांडी करायला जाणाऱ्या बाया. चार घरची कामं, चार मालकिणी, आणि कायद्याच्या दृष्टीनं मालक कुणीच नाही. राज्यानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यातून महिन्याच्या गोळ्यांची सोय झाली नाही. स्टेशनबाहेरचे फेरीवाले, रिक्षाचालक, घरपोच जेवण आणि किराणा पोचवणारी पोरं, सगळ्यांची हीच गत. कंबर, गुडघे, दमा, रक्तदाब हे यांच्या कामातूनच आलेले आजार आहेत, पण त्यांचा खर्च त्या कामाच्या हिशेबात कुठंच धरलेला नाही.

"मालकच नाही, तर वर्गणी कोण भरणार?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. ते मशीद बंदरच्या आणि भाऊच्या धक्क्याच्या गल्ल्यांत सापडलं होतं. डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणारा माथाडी कामगार दिवसात दहा व्यापाऱ्यांचा माल उचलत असे, आणि दहाही व्यापारी म्हणत, हा आमचा नोकर नाही. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्यात युक्ती साधी आणि विलक्षण होती. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाची नोंद मंडळाकडे. ज्यानं जितकं काम करून घेतलं त्यानं तितकी मजुरी आणि वर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, औषधोपचार हे सगळं त्या लेव्हीतून. कामगाराचा मालक रोज बदलला, तरी त्याचा हक्क बदलत नाही. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठीही याच धर्तीवर मंडळ झालं. देशात फारच थोड्या ठिकाणी असा कायदा आहे, आणि तो आपल्याकडे पन्नासहून अधिक वर्षं चालला आहे. त्याच्या अंमलबजावणीतल्या गैरप्रकारांबद्दल बरंच बोललं जातं, त्यातलं काही खरंही आहे, पण तत्त्व पक्कं ठरलं आहे.

हेच तत्त्व आयसी कॉलनीतल्या त्या बाईला लावून पाहा. चार घरांत मिळून बारा हजार मिळत असतील, म्हणजे घरटी तीन हजार. कामगार विम्याचाच दर धरला, तर प्रत्येक घराच्या वाट्याला महिन्याला साडेसत्त्याण्णव रुपये येतात, आणि तिच्या वाट्याला सगळे मिळून नव्वद. हे लिहिताना मला वाचकांपैकी अनेकांची घरं डोळ्यांपुढं आहेत. मोबाइलवरून जेवण मागवताना पोचवण्याचा आकार म्हणून आपण महिन्याला याहून जास्त देतो. आणि हा हिशेब रुग्णालय, औषधं, आजारपणाचा पगार या सगळ्याचा आहे. नुसत्या औषधांचा भाग यापेक्षा बराच कमी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत अॅपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी द्यायची तरतूद आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्के ही तिची कमाल मर्यादा. धोकादायक कामाच्या ठिकाणी एकच माणूस असला तरी विमा लागू होऊ शकतो, दहापेक्षा कमी माणसांच्या गाळ्याला स्वेच्छेनं सामील होता येतं. ही पावलं योग्य दिशेची आहेत. पण स्वेच्छेवर सोडलेलं कलम लहान गाळ्यात किती पोचतं, हे औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारली तरी कळतं.

औषधावरच इतका भर का, असं कुणी म्हणेल. कारण घरचा आरोग्यखर्च तिथंच सर्वांत जास्त होतो. राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात, की २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भाग लोक थेट खिशातून भरत होते, २०२१-२२ पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून खिशातूनच जातात, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा औषधांचा आहे. शस्त्रक्रिया आयुष्यात एकदोनदा होते. गोळी रोज लागते.

आणि हे आपल्याला जमतं, याचे पुरावे आपल्याच शहरात आहेत. क्षयाची औषधं सरकार मोफत देतं, रुग्णाचा पगार न विचारता. १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात झाली, आणि ज्या मोजक्या रुग्णालयांत ती प्रथम मिळू लागली त्यांत भायखळ्याचं जे. जे. होतं. त्याआधी तीन वर्षं मुंबईच्याच सिप्लानं तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला होता, जेव्हा पाश्चात्त्य कंपन्या दहा हजारांच्या आसपास मागत होत्या. १९७०च्या पेटंट कायद्यानं आपल्या कारखानदारांना ते बळ दिलं. जगाला स्वस्त औषध पुरवणाऱ्या शहरात कामगारानं पत्ता कापून न्यावा, हे मला मुळीच मान्य होत नाही.

क्षय संसर्गजन्य आहे म्हणून सरकार देतं, असं म्हणतात. बीपी एकाकडून दुसऱ्याला होत नाही हे खरं. पण कमावता माणूस चाळिशीत लुळा पडला, तर त्याची मुलगी शाळा सोडून कामाला लागते, बायको आणखी दोन घरं धरते, गावची जमीन गहाण पडते. तेही एकाकडून दुसऱ्याकडे जाणंच आहे.

पैसे कुठून येणार, हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. दुकानातल्या छापील किमतीनं सरकारनं औषधं घ्यायची ठरवली, तर कुठलीच तिजोरी पुरणार नाही. पण सरकार त्या किमतीनं घेत नाही. तामिळनाडूनं १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केलं. राज्यभराची गरज एकत्र करायची, एकच निविदा काढायची, कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावानं खरेदी करायची, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं ठेवायची, येणाऱ्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी करायची. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, त्यातल्या रकमेइतकं औषध त्यानं गरजेप्रमाणं उचलायचं. २ ऑक्टोबर २०११ रोजी राजस्थाननं हाच मार्ग धरून सरकारी रुग्णालयांत सर्वांसाठी मोफत औषध योजना सुरू केली. राजस्थान महाराष्ट्राहून श्रीमंत नाही. आपण काय केलं? २०१७ साली खरेदीचं काम हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवलं, ज्यांचं कौशल्य लस बनवण्याचं होतं. खरेदी रेंगाळली, रुग्णालयांत तुटवडा झाला, आणि २०२३ साली वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्यानं स्थापन करावं लागलं. यावर पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहिणार आहे, म्हणून इथं थांबतो.

गुणवत्तेची शंका मात्र आजच घ्यायला हवी, कारण कामगारच ती बोलून दाखवतात : फुकटचं औषध लागू पडतं का? ही भीती उगाच नाही. २०२४ मध्ये नागपूर परिसरातल्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांत औषधच नव्हतं, नुसती भुकटी होती, असं पोलीस तपासात उघड झालं. गरिबाच्या तोंडात भुकटी घालणाऱ्याला कठोर शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यावरचा उपाय प्रत्येक खेपेची तपासणी आणि तिचा निकाल लोकांपुढं ठेवणं हा आहे. जो पैसे देऊन मेडिकलमधून घेतो, त्याच्या गोळीची तर तपासणी करायला कुणीच उभं नसतं.

टोरांटोत नातेवाईक असलेल्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असेल. कॅनडात डॉक्टर आणि रुग्णालय सगळ्यांना मोफत, पण घरी घ्यायची औषधं बऱ्याच अंशी नोकरीतल्या विम्यावर अवलंबून. नोकरी गेली की औषधांचं संरक्षण गेलं. तिथल्या हॉल आयोगानं १९६४ साली औषधंही सार्वजनिक योजनेत घ्या, असं सांगितलं होतं. कायदा झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि तोही मधुमेहाची औषधं आणि गर्भनिरोधकं यांपासून सुरुवात करणारा. साठ वर्षं. उलट वेल्सनं २००७ साली आणि स्कॉटलंडनं २०११ साली औषधाच्या चिठ्ठीवरचं शुल्क सरसकट रद्द केलं. श्रीमंत देशांतही हा प्रश्न आपोआप सुटलेला नाही. जिथं लोकांनी धरून ठेवला, तिथं सुटला.

बोरीवलीपुरतं बोलायचं, तर काय करता येईल? महापालिकेचे दवाखाने आहेत. २०२२ पासून आपला दवाखाना सुरू झाले, त्यांतले बरेच रात्री दहापर्यंत उघडे असतात, आणि कामगाराला तीच वेळ सोयीची. तिथं औषध मोफत आहे. महापालिकेनं आपल्या रुग्णालयांत औषधाची बाहेरची चिठ्ठी पूर्ण बंद करण्याचं धोरणही जाहीर केलं आहे. जाहीर झालेलं खिडकीपर्यंत पोचावं, ही मागणी आपण आर मध्य विभागाच्या कार्यालयात नेली पाहिजे. माझी सूचना साधी आहे. बीपी, शुगर, दमा, थायरॉइड, फिट्स आणि मानसिक आजार यांच्या ठरावीक गोळ्यांची यादी दवाखान्याच्या दारावर लावावी, आणि एका वेळी पाच-सात दिवसांऐवजी पूर्ण तीस दिवसांचं औषध द्यावं. महिन्यातून चार खाडे करून रांगेत उभं राहणं रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही, चार खाड्यांच्या पैशांत ती गोळी बाहेर विकत येते. साठा संपला, तर दवाखान्यानं शिक्का मारून द्यावा आणि ठरवून दिलेल्या मेडिकलनं किंवा जनऔषधी केंद्रानं औषध देऊन बिल महापालिकेकडे पाठवावं. पॅनेल डॉक्टर आणि मान्यताप्राप्त औषधविक्रेते ही पद्धत कामगार विम्यात इथं १९५४ पासून वापरात आहे, नव्यानं शोधायचं काही नाही.

कामगार विम्याच्या बाबतीत दोन मागण्या आहेत. एकवीस हजारांची मर्यादा महागाईशी जोडावी, आणि ती ओलांडणाऱ्याला वर्गणी भरून आत राहण्याचा हक्क द्यावा. २०१९ साली वर्गणीचा दर साडेसहावरून चार टक्क्यांवर आणला, तेव्हा महामंडळाकडे खर्चापेक्षा जमा जास्त होती. ती शिल्लक कामगारांनी टाळलेल्या उपचारांतूनही साठलेली होती, असं मला वाटतं. अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला १७ डिसेंबर २०१८ रोजी आग लागून माणसं मेली, आणि पश्चिम उपनगरांतल्या कामगारांना त्यानंतर वर्षानुवर्षं ते रुग्णालय पूर्णपणे परत मिळालं नाही. त्यांचे पैसे मात्र दर महिन्याला कापले जात होते. जो पैसे भरतो, त्याला औषध मिळेना, तर तो पुढच्या वेळी योजनाच नको म्हणतो. म्हणून जे आत आहेत त्यांची सेवा सुधारणं आणि जे बाहेर आहेत त्यांना आत घेणं, दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं.

ज्या वाचकांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी या आठवड्यात तिला एक प्रश्न विचारावा : महिन्याच्या कुठल्या औषधांवर तुझा खर्च होतो आणि ती तू कुठून आणतेस? उत्तरं लेखमालेच्या पत्त्यावर कळवा, तिचं नाव न देता. वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणावरच्या पुढच्या लेखांकात त्यांतल्या औषधांच्या सरकारी खरेदीचे दर आणि दुकानातले दर शेजारी-शेजारी मांडता येतील.